पांढरी वाईन आणि टोरीचं तेल

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर तांदूळ, चार हिरव्या मिरच्या, काहीच नसलं तर गुळाचा खडा. पण तळ झाकूनच भांडं द्यायचं. म्हणून गेल्या वर्षी टोरीच्या ताज्या तेलाचा डबा घेऊन मी चंद्रपूरला मैत्रिणीकडे निघाले, तेव्हा परतताना डब्यात काय येईल याचाच विचार एसटीत करत होते. टोरी म्हणजे मोहाच्या बिया. लेकाकडे शहरात राहायला गेल्यापासून तिला ते तेल मिळत नव्हतं.

ही मैत्रीण धानोऱ्याजवळच्या आमच्या गावात दारूबंदीच्या बायांची पुढारी होती. आमचा जिल्हा कागदावर कोरडा, पण घरोघरी दारू गाळायला मोहाचा सडवा घातलेला. तिनं नियमच केला, की ज्या घरात भट्टी लागते त्याचं नाव ग्रामसभेत उभं राहून सांगायचं, मग ते घर आपलं का असेना. बाया एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसल्या. मी उठले आणि सख्ख्या भावाचं नाव घेतलं.

"शाबास! घरातूनच सुरुवात झाली पाह्यजे," ती म्हणाली. "थेंबभर असो का मडकंभर, दारू ते दारूच."

भावाची मडकी तिनंच चौकात फोडली. भाऊ पिऊन कुणावर हात उगारणाऱ्यातला नव्हता. सगळ्यांसमोर हात जोडून उभा राहिला, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नाही. दर भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट लावायचे आणि तसंच उचलून ठेवायचे. एक घर दुखावलं, पण गाव तर सुधारलं, अशी मनाची समजूत घालायचे.

चंद्रपुरात तिनं मला पंख्याखाली बसवलं. फ्रिजमधून लांब मानेची बाटली काढून काचेच्या पेल्यात ओतली. फिकट पिवळं, पेल्याला बाहेरून घाम फुटलेला. उन्हातून आलेली मी, गटकन घोट घेतला. कैरीसारखं आंबट, गोडाचा पत्ता नाही, आणि इतकं गार की दात शिवशिवले. खरं सांगते, मला आवडलं.

"कायचं सरबत होय वं हे?"

ती हसली. "सरबत नोहोय, वाईन होय. लेकीच्या सासरचा द्राक्षाचा मळा हाये, नाशिककडे, थंड्या डोंगरावर. घरचेच लोकं सारं करतात."

मी पेला खाली ठेवला. "मले सांगतलं काऊन नाई? अन् तू पेतेस?"

"जेवताना जराशी."

"मंग माह्या भावाचे मडके काऊन फोडले?"

"अवं, ते मोहाची होती. वास ये तिचा."

तळपायाची आग मस्तकात गेली. बाटलीवर डोंगराचं चित्र होतं, उतारावर वेलींच्या सरळ ओळी. आमचे मोह काय हवेत उगवतात? तेही डोंगरावरचेच, तेही घरच्यांनीच वेचलेले. हिच्या एका शब्दावर मी माहेर तोडलं होतं, आणि हिला तो शब्द आठवतसुद्धा नव्हता. तेलाचा डबा अजून पिशवीतच होता. तो मी काढलाच नाही. जेवायला थांब म्हणाली, थांबले नाही.

गावात उतरले ती थेट भावाच्या दारात. तो अंगणात खाटेवर बसला होता.

"भाऊ, ते मडके फोडणारी स्वतः पेते. मले बी पाजली," मी म्हणाले. "मी चुकली."

मी पिशवीतून तेलाचा डबा काढला. त्यानं माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि वहिनीला हाक मारली. वहिनी डबा आत घेऊन गेली. तेल ओतल्याचा आवाज आला, मग डबा घासल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. वाटलं, शोधत असेल बिचारी काहीतरी. लाखोळीची डाळ, नाहीतर नुसते तांदूळ.

वहिनीनं डबा आणून माझ्या हातात दिला. पुसून कोरडा केलेला, झाकण घट्ट लावलेलं. रस्त्याच्या वळणावर थांबून मी झाकण उघडलं. तळ दिसत होता.