पुलापलीकडची बस

ग्लेनिस हॅलिवेल बावीस वर्षं सेहेचाळीस नंबरची बस चालवत होती, पण नदीवरचा पूल तिच्या बसने कधी ओलांडला नव्हता. पुलाच्या अलीकडे हार्थवेट नगरपालिका, पलीकडे बर्कडेन. बसला पैसे देणाऱ्या दोन नगरपालिका वेगळ्या, म्हणून बसही वेगळ्या. ग्लेनिसने पुलाशी गाडी वळवायची, उतारूंनी चालत पलीकडे जायचं आणि तिथली बस पकडायची. ती बस सुटायची दहा वाजून आठ मिनिटांनी. ग्लेनिस पोचायची दहा वाजून दहाला.

"दोन मिनिटं थांबायला काय होतं गं त्यांना?" लोक विचारायचे.

"वेळापत्रक बदलायला दोन नगरपालिकांची बैठक लागते," ग्लेनिस सांगायची. "आणि बैठक कुणाच्या टाउन हॉलमध्ये घ्यायची, यावर आधी आणखी दोन बैठका व्हायच्यात."

पलीकडच्या बसचा ड्रायव्हर क्लिफर्ड. त्याची बस दूर जाताना आणि हिची येताना दोघं नदीच्या दोन काठांवरून हात हलवायचे. बावीस वर्षांची ओळख ती एवढीच.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी गारांचा पाऊस झोडपत होता. बसमध्ये आयव्ही पॉगसन होत्या. वय त्र्याऐंशी, गुडघे कुरकुरणारे. बर्कडेनच्या दवाखान्यात डोळे दाखवायची वेळ तीन महिन्यांनी मिळाली होती. पुलाशी गाडी थांबली तेव्हा क्लिफर्डची बस पलीकडे दूर जाताना सगळ्यांना दिसली.

"गेली बघ," आयव्हीबाई म्हणाल्या. "असू दे पोरी. एका डोळ्याने काय, टीव्ही तेवढा दिसतो."

ग्लेनिसने आरशात मागे पाहिलं, गियर टाकला आणि बस सरळ पुलावर घातली. आत सहा उतारू होते, त्यांनी असा आरडाओरडा केला की जणू हार्थवेटने फुटबॉलचा कप जिंकला. दिव्यांची उघडझाप करत, हॉर्न वाजवत तिने क्लिफर्डला पेट्रोल पंपाजवळ गाठलं. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अगं बाई, इकडे कुठे तू? वाट चुकलीस का?"

"बडबड नंतर. आधी यांना घे आत!"

आयव्हीबाई वेळेवर पोचल्या. ग्लेनिसला कंपनीची लेखी ताकीद मिळाली आणि पंधरा दिवस डेपोत बस धुवायचं काम.

त्याच वसंतात त्या भागातल्या पाच नगरपालिकांनी एकत्र यायचं ठरलं. लंडनच्या सरकारकडचे काही अधिकार इकडे येणार, सगळ्यांचा मिळून एक महापौर लोक निवडणार, आणि बस त्याच्या हातात. ग्लेनिसचा नवरा केन भडकलाच. "बर्कडेनवाले आपला टाउन हॉल पळवतील, बघच तू."

"पळवू देत. छप्पर तरी नीट करतील," ग्लेनिस म्हणाली.

निवडून आल्या जोअॅन सटक्लिफ, आधीच्या शाळामास्तरीणबाई. त्यांची पहिली जाहीर सभा हार्थवेटला झाली, तर नगरसेवक तासभर एकाच गोष्टीवर भांडत राहिले: नव्या कारभाराच्या फलकावर आधी नाव हार्थवेटचं की बर्कडेनचं? ग्लेनिस मागच्या रांगेत होती. ताकीद मिळालेल्या माणसाने गप्प बसावं हे तिला कळत होतं. तरी ती उठली.

"नाव कुणाचंही लावा हो. पण बस पुलाशी का थांबते ते सांगा."

सभा हसली. महापौरबाई हसल्या नाहीत. "पूल केवढा आहे?"

"माझी तीनशे पावलं. आयव्हीबाईंची सहाशे, आणि मध्ये दोनदा टेकावं लागतं."

पुढच्या मंगळवारी महापौरबाई एकट्याच बसमध्ये चढल्या. ना फोटोवाले, ना मदतनीस. पुलाशी उतरल्या, आयव्हीबाईंचा हात धरून चालू लागल्या आणि दोघींची बस चुकली; पुढची तासाने होती. पलीकडच्या थांब्याला छप्पर नव्हतं. पाऊण तास त्या पावसात भिजत उभ्या राहिल्या, आणि तेवढ्या वेळात आयव्हीबाईंनी त्यांना आपल्या मोतीबिंदूची हकिगत दोनदा ऐकवली.

तरी कागद हलायला दीड वर्ष लागलं. केनला मात्र तेवढ्यात "बघ, एकत्र येऊन काय मिळालं?" असं पाच-सहा वेळा म्हणता आलं.

शेवटी ऑक्टोबरातल्या एका सोमवारी सेहेचाळीस नंबर थेट बर्कडेनपर्यंत धावली आणि स्टिअरिंगवर ग्लेनिस होती. पूल तिने रुबाबात पार केला. बाजारचौकात मात्र तिची पंचाईत झाली. सराव करून झाला होता, पण आज तिथे मंडईच्या गाड्या आडव्या लागल्या होत्या आणि रस्ता ओळखूच येईना.

"डावीकडे घे!" एक उतारू म्हणाला.

"अहो, डावीकडे कालवा आहे! सरळ जाऊ दे तिला!"

"चर्चला वळसा घाल गं, मी इथेच जन्मलेय," तिसरी ओरडली.

ग्लेनिसने चर्चला वळसा घातला, मग आणखी एकदा घातला, आणि नऊ मिनिटं उशिरा बर्कडेनच्या डेपोत शिरली. दारात क्लिफर्ड उभा होता. इतक्या जवळून त्याला नीट पाहताना तिला कळलं की तो तिच्यापेक्षा वीतभर बुटका आहे.

"नऊ मिनिटं!" तो म्हणाला. "आणि आमच्या दोन मिनिटांसाठी इतकी वर्षं बोल लावत होतात तुम्ही लोक?"

"तुमचे रस्ते कुणी आखले रे? कोंबडीने?"

दोघं हसत कॅन्टीनमध्ये गेले. क्लिफर्डने तिच्यासमोर खिमा भरून भाजलेली गरम ‘मीट पाय’ ठेवली. ग्लेनिसने एक घास घेतला, मग दुसरा, आणि हळू आवाजात म्हणाली, "आमच्याकडच्यापेक्षा चांगली आहे. केनला सांगशील तर याद राख."