राक्षसी ठोका आणि अप्पांचे पेढे

आमच्या नांदेडच्या फिजिक्स विभागात दुर्बीण नाही. डेटा बाहेरच्या मोठ्या दुर्बिणींचा येतो. किस्से मात्र सगळे घरचे, आणि ते रोज साठतात!

आमचा विषय पल्सार. म्हणजे गरगर फिरणारा मेलेला तारा. प्रत्येक फेरीला रेडिओचा एक ठोका देतो. मधूनच एखादा ठोका राक्षसी येतो. त्याच क्षणी ताऱ्याचे एक्स-रेही वाढतात का, यावर महादेवीची पीएचडी अडकली होती. तिचे वडील बसवणप्पा, लातूरचे डाळमिलवाले. त्यांनी विचारलं, "तारा किती लांब हाय?"

"हजारो प्रकाशवर्षं, अप्पा."

"मग पळून चाललाय का? लग्नानंतर बघ की! यंदा न्हाई जमलं तर लातूरला यायचं."

"जमणार!" महादेवी म्हणाली.

*

वाटेतल्या वायूमुळे रेडिओ लहरी एक्स-रेंपेक्षा उशिरा पोचतात. तो उशीर वजा करायला खुद्द आमचे सरच विसरले. कितीतरी दिवस काही सापडेना. चूक महादेवीनं पकडली.

"सर, पाहुणे जेवून गेले, अन् आपण आत्ता पानं मांडून राहिलो!"

*

एका फेरीत एक्स-रेचा एखादा कण मिळाला तर मिळाला. म्हणून राक्षसी ठोक्यांच्या सगळ्या फेऱ्या एकावर एक रचायच्या. देगलूरचा सलीम, हाही पीएचडीवालाच, म्हणाला, "आमच्या गावची दुपारची एसटी हाय ही. एकाच फेरीचे पॅसेंजर मोजले तर नुसता ड्रायव्हर निघतो!"

*

सरांचा नियम कडक. एक्स-रे वाढलेले दिसले, की ठोक्यांची मुद्दाम चुकीची वेळ घालून तोच हिशेब पुन्हा करायचा. आलेखाची रेघ सपाट आली तर निकाल खरा. तिथंही उंचवटा दिसला तर सगळं खोटं.

सलीमनं एकदा त्याआधीच समोसे वाटले, आणि चुकीच्या वेळेलाही उंचवटा तसाच! सर समोसा खात म्हणाले, "समोसे आता परत घेता येत नाहीत, सलीम. निकाल घे."

*

शेवटी महादेवीच्या आलेखावर उंचवटा आला. छोटा, पण ठसठशीत! फोनवर ऐकून अप्पा पेढ्यांचा बॉक्स घेऊन लातूरहून हजर.

"बॉक्स बंद ठेवा," सर म्हणाले.

महादेवीनं चुकीची वेळ घातली. रेघ आली. सपाट!

सलीम मटकन खुर्चीत बसला. सर चष्मा पुसत राहिले. महादेवी तर ओक्साबोक्शी रडायला लागली. सरांचा नियम अप्पांना कुठला ठाऊक! त्यांनी त्या सपाट रेघेकडे पाहिलं, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बॉक्स उघडला.

"रडू नको माय. सपाट तर सपाट! लातूरला ये म्हणलो ते इसर. पुन्हा कर, मी हाय."