लियाकतच्या गिटारीतला अर्धा इंच

लियाकतची आणि माझी पहिली भेट झाली त्या दिवशी जव्हारमधली निम्मी वाहतूक थांबली होती. उरलेली निम्मी म्हणजे एक बैल आणि एक रिक्षा. त्यांनीही वेग कमी केला. मी गिटार दोन्ही हातांवर आडवी धरून, दवाखान्यात पेशंट न्यावा तसा रस्त्याने चाललो होतो. आमच्याकडची दमट हवा गिटारीला मानवत नाही. पाठीचा सांधा सुटून तिचं पोट उघडं पडलं होतं. समोरून खांद्यावर दाराची चौकट घेतलेला एक माणूस आला आणि चौकटीसकट माझ्यासमोर आडवा उभा राहिला. सात फूट उंच, दरवाज्याएवढा रुंद आणि आवाज असा की पलीकडच्या साखरशेत गावच्या खाचरातले बगळे उडावेत. "इसको किसने मारा?" त्याने विचारलं. ही गिटार आपल्या हातून वारली तर हा माणूस आपल्याला याच चौकटीत बसवून खिळे ठोकणार, याची माझी खात्री झाली.

पुढे ओळख वाढल्यावर लक्षात आलं की लियाकत माझ्यापेक्षा दोन बोटं बुटका आहे आणि त्याचा आवाज फार तर गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

त्याने मला ओढतच स्वतःच्या सुतारखान्यात नेलं. गिटारीचा वास घेतला, टिचक्या मारल्या, मग तिला उलटी करून हलवली. आतून तारा छेडायच्या चार प्लास्टिकच्या टिकल्या पडल्या, एक वाळलेली पाल पडली आणि आमच्या सौभाग्यवतींचं ते कानातलं पडलं, ज्याच्यावरून आमच्या घरी दोन वर्षं बोलणं बंदसारखंच होतं. तेव्हापासून मी लियाकतला मानतो. दोन दिवसांनी गिटार परत मिळाली ती आधीपेक्षा बरी वाजत होती. "नीलेशभाऊ, हे शिकायला किती दिवस लागतात?" त्याने विचारलं. मी वीस वर्षं शिकतच होतो, पण माणूस चांगला होता म्हणून सहा महिने सांगितले.

त्याने तीन महिन्यांतच एक जुनी गिटार मिळवली आणि आमच्या मंडळात आला. मंडळ म्हणजे चार माणसं आणि चार गिटारी. मी, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. चंद्रकांतराव, मोखाड्याला पंचायत समितीत कारकून. दर रविवारी गिटार मांडीवर घेऊन ते जीपने यायचे आणि दोन माणसांची जागा अडवल्याबद्दल शिव्या खायचे. अवंती मॅडम बँकेत. आणि हा लियाकत. बैठक त्याच्या सुतारखान्यात, लाकडाच्या भुशात बसून. त्याची बायको खैरुनभाभी चहा द्यायची आणि दारात उभी राहून ऐकायची. लग्नाच्या आधी हळदीच्या रात्री ढोलकीवर गाणारी म्हणून तिचं माहेरी नाव होतं.

आमची एक रीत होती. स्वतःची गिटार दर रविवारी दुसऱ्याला द्यायची आणि आठवडाभर तिसऱ्याची घरी न्यायची. प्रत्येकीचा हात निराळा, म्हणून शिक्षण होतं, अशी त्यामागची थोर कल्पना. परत देताना त्या गिटारीबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची आणि खोट काढायची नाही. हा नियम अनुभवातून आला होता. अवंती मॅडम एकदा चंद्रकांतरावांच्या गिटारीला घासलेटचा डबा म्हणाल्या होत्या आणि चंद्रकांतराव पाच रविवार मोखाड्याहून उतरलेच नव्हते. त्यानंतर आमच्यात सगळ्याच गिटारी गोड झाल्या.

लियाकत वाजवायचा कसा, हे सांगायला नको. त्याचं बोट तारेवर पडलं की तार खिळा ठोकल्यासारखी जागेवर बसायची. पण गिटारीवर त्याच्याइतकं प्रेम आमच्यात कुणाचंच नव्हतं. त्या सुमाराला त्याचं काम आटत चाललं होतं. लोक नाशिकहून तयार कपाटं आणायला लागले होते. एका रविवारी तो म्हणाला की तो आता स्वतः गिटार बनवणार. ती जमली तर पलंग-कपाटांना रामराम करायचा आणि हेच करायचं. नाशिकच्या एका दुकानदाराशी तो फोनवर बोललाही होता. नमुना घेऊन या, मग ऑर्डरचं बघू, असं उत्तर मिळालं होतं.

दोन हिवाळे तो त्या गिटारीमागे होता. पुढचा तक्ता शिवणीचा, पाठ जुन्या पलंगाच्या शिसवीची. मापं त्याने आमच्या गिटारींवरून घेतली. ज्या आठवड्यात माझी गिटार त्याच्याकडे होती, त्या आठवड्यात मानेवरच्या आडव्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेटची अंतरं त्याने कागदाच्या लांब पट्टीवर उतरवून घेतली. पुढच्या आठवड्यात माझी गेली आणि चंद्रकांतरावांची आली. मग तिच्यावरून पोटाचा आकार घेतला आणि खाली तारा जिथे अडकतात तो ब्रिज मानेच्या टोकापासून किती लांब आहे, ते घेतलं. दोन्ही गिटारी दिसायला जुळ्या बहिणी.

एप्रिलमध्ये गिटार पुरी झाली. इतकी देखणी वस्तू जव्हारमध्ये त्याआधी बनली असेल तर ती मी पाहिलेली नाही. आम्ही आळीपाळीने वाजवली. आमच्यापैकी कुणीही आयुष्यात तिसऱ्या फ्रेटच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे ती फारच छान वाजली. चंद्रकांतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लियाकतने घेतली आणि हौसेने वरपर्यंत बोटं चढवली.

"वर गेलं की उतरतंय," दारातून खैरुनभाभी म्हणाली.

लियाकतने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "भाभी, हाताने बनवलेल्या वाद्याचा स्वतःचा सूर असतो. तुमच्या ढोलकीसारखं नाही ते." सगळे हसले. भाभीही हसली, कप उचलून आत गेली.

त्या आठवड्यात गिटार माझ्याकडे आली. घरी मोबाइलमधला सूर तपासायचा ट्यूनर लावला. मोकळ्या तारा बरोबर. तिसऱ्या फ्रेटवर जराशी कमी. बाराव्यावर तर सरळसरळ बेसूर. मग दुकानातली फूटपट्टी घेऊन तिन्ही गिटारी मोजल्या. माझी आणि चंद्रकांतरावांची मुद्दाम मागवून घेतली होती. त्यांची तार माझ्या तारेपेक्षा अर्धा इंच लांब होती, आणि फ्रेटची अंतरं तर तारेच्या लांबीवर ठरतात. म्हणजे लियाकतच्या गिटारीला मान माझी होती आणि ब्रिज चंद्रकांतरावांचा. ब्रिज अर्धा इंच वर सरकवला असता तर काम झालं असतं. एका दिवसाचं काम. पॉलिशवर जुन्या जागेचा डाग राहिला असता, एवढंच.

रविवारी मी गिटार परत दिली. सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. लियाकतने तिच्यासाठी खोकं बनवलं होतं, आतून भाभीच्या जुन्या शालीचं अस्तर. तो ते खोकं उघडून बसला होता. मी म्हणालो, "आवाज भारदस्त आहे." नियमाप्रमाणे एक चांगली गोष्ट.

मे महिन्यात तो नमुना घेऊन नाशिकला निघाला. सोबत चला म्हणाला. जव्हारहून मोखाडा, तिथून त्र्यंबक, तिथून नाशिक; खोकं दोघांच्या मांड्यांवर. अडीच तास मी त्याच्या शेजारी होतो. मोखाड्याच्या पुढच्या वळणावर एकदा तोंड उघडलं, तर त्याने मला खिडकीतून शिवणीचं झाड दाखवलं आणि अशी अजून दोन बघून ठेवलीत म्हणाला. मी झाडाचं कौतुक केलं.

दुकानदार सभ्य माणूस होता. गिटार हातात घेऊन आधी नुसती न्याहाळत राहिला. मग बोटं वर नेली, थांबला, पुन्हा तोच सूर वाजवला. "काम फार सुंदर आहे. पण वरचे सूर लागत नाहीत. ही विकता येणार नाही," तो म्हणाला. "आधी कुणाला दाखवली नव्हती का?"

"दाखवली होती," लियाकत म्हणाला.

त्याचा चेहरा बघवेना. त्याला धीर द्यावा म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "ब्रिज अर्धा इंच वर घेतला की होतंय, लियाकतभाई. नुसता अर्धा इंच."

दुकानदाराने टेप काढून मोजलं आणि बरोबर आहे म्हणाला. लियाकत टेपकडे बघत होता. मग माझ्याकडे वळला.

"तुम्ही मोजलं होतं?"

मी हो म्हणालो.

"कधी?"

"एप्रिलमध्ये."

 त्याने गिटार खोक्यात ठेवली, कड्या लावल्या. दुकानदार दुरुस्त करून पुन्हा आणा म्हणत होता, तेही त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. परतीच्या जीपमध्ये खोकं त्याने एकट्याने मांडीवर घेतलं. त्र्यंबक गेलं, मोखाडा गेला. जव्हारचे दिवे दिसायला लागल्यावर तो बोलला, आणि रागावला असता तर बरं झालं असतं इतक्या शांतपणे बोलला. "खैरुन सांगत होती. मी तिला म्हटलं, नीलेशभाऊला जास्त कळतं."

मी नियमाबद्दल काहीतरी पुटपुटलो. "हां, नियम," तो म्हणाला आणि स्टँडवर उतरला.

त्यानंतरच्या रविवारी सुतारखाना बंद होता. मी दोनदा घरी गेलो. भाभीने चहा दिला, लियाकत कामावर गेलाय म्हणाली. मला तिची माफी मागायची होती. मी चहाची तारीफ करून आलो. मंडळ माझ्या दुकानात भरवून पाहिलं, पण तिघांत अदलाबदल करायला मजा येईना आणि अवंती मॅडमची बदली झाली.

ब्रिज त्याने सरकवला नाही. गिटार पुढे कुणाला दिली ते मला माहीत नाही. लियाकत आता अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवतो, त्याचं बहुतेक काम मोखाड्याकडे असतं. मागच्या महिन्यात आमच्याकडे दोन बसवून गेला. पाणी आत येत नाही.