कोरडी धुलाई

संध्याकाळी दुकानातून आले की मालोजी जामदार उंबऱ्याबाहेरच थांबत. चपला काढत, टोपी काखेत धरत आणि बायकोकडे तोंड करून एक लांब श्वास सोडत. भानुमती वास घेई, मग मान फिरवी. "गोडसर काहीतरी येतंय. वरून लवंग चघळलीत वाटतं." एवढं झालं की ते आत येत आणि हातपाय धुवायला मोरीकडे जात. जाताना भिंतीला हात लावत जात.

ते कधीच प्यायले नव्हते. भाऊबंदांत पिणं काही नवं नव्हतं, पण जामदारखान्यात काम करणाऱ्यानं दारूला शिवायचं नाही, असा त्यांच्या वडिलांचा कायदा होता. संस्थानाचे शालू, शेले, किनखाबी अंगरखे सांभाळण्यात घराण्याच्या पिढ्या गेल्या होत्या. वडिलांनी मालोजीरावांना आणखी दोन गोष्टी लहानपणीच शिकवल्या होत्या. कपडा उलगडला की दारं-खिडक्या लावायच्या, जरीला वारा लागू द्यायचा नाही. आणि मानाच्या वस्त्रापुढे उभं राहायचं नाही, जमिनीवर मांडी घालून बसायचं.

संस्थान गेलं, जामदारखाना गेला. पुढे नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि ओळखीचे कितीतरी कारकून आपल्या पेट्या बांधून तिकडे गेले. मालोजीरावांना कपड्याशिवाय काही येत नव्हतं. त्यांनी इमली बाजारात एका खोलीचं दुकान घेतलं आणि 'जामदार ड्राय क्लीनर्स' अशी पाटी लावली. सुरुवातीला पेट्रोलनं कपडे धूत. मग सियागंजातला रघुवीर नावाचा व्यापारी एक नवं, पाण्यासारखं स्वच्छ द्रव्य घेऊन आला. त्यानं ते वाटीत ओतलं आणि पेटती काडी आत टाकली. काडी विझली.

"देख लो दादा, आग को भी सुला देता है," तो म्हणाला. "पेट्रोल में जान का खतरा. इसमें काहे का डर?"

बाजारात त्याला सीटीसी म्हणत. पूर्ण नाव कार्बन टेट्राक्लोराइड. पिंपातून ते गोडेतेलाच्या जुन्या डब्यात ओतून मिळे. पिंपावर काही सूचना असतीलही, डब्यावर फक्त शेंगदाण्याचं चित्र होतं.

ते जळत नाही हे खरं होतं. पण ते झपाट्यानं उडतं, आणि त्याची वाफ हवेपेक्षा खूप जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत साचून राहते. दारं सताड उघडी ठेवून, उभ्यानं, हात झाकून करायचं ते काम. श्वासातून आत गेलेली वाफ आधी डोकं हलकं करते, मग जीभ जड करते, मग पाय. आणि रोज थोडी थोडी गेली तर यकृत आणि मूत्रपिंड पोखरत राहते. मालोजीराव दार लावून, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबून, जमिनीवर बसत आणि परातीत तोंड घातल्यासारखे वाकून शालूचे डाग काढत.

त्यांची मुलगी इंदिरा हिचं लग्न ठरलं होतं. मुलगा बाळकृष्ण, शाळेत मास्तर. त्याचे वडील अप्पासाहेब मोहिते अन्नपूर्णेच्या देवळाकडच्या नव्या वस्तीत राहत. अप्पासाहेबांचा थोरला भाऊ दारूनं गेला होता, आणि त्या एका गोष्टीवर ते देवाचंही ऐकत नसत. एकदा ते शेला टाकायला म्हणून दुकानात आले. मालोजीराव उठायला गेले आणि भिंत धरून हसतच राहिले.

"बसा, बसा मालोजीराव, पडाल."

"नाही, नाही... पायाला मुंग्या आल्यात जरा."

"जिभेलाही आल्यात वाटतं," अप्पासाहेब म्हणाले, आणि शेला काखेत मारून परत गेले.

रविवारी ते घरी आले. चहाला हात लावला नाही. "मला काही नको," ते म्हणाले. "मुलगी गुणाची आहे, बाळकृष्णाच्या मनातही तीच आहे. पण दारूच्या घराशी सोयरीक नाही. दिवाळीपर्यंत बघतो. एकदाही यांची झोकांडी गेलेली दिसली नाही, तर तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त. नाहीतर तुमचा रस्ता तुम्हाला, आमचा आम्हाला."

ते गेल्यावर भानुमतीनं गार झालेला चहा मोरीत ओतला. मग भानुमतीचा भाऊ शाम, मिलच्या ऑफिसात कारकून होता तो, म्हणाला, "दाजी, बुरा मत मानना. पण इलाज एकच आहे. सकाळी मिलला जाताना मी तुम्हाला दुकानात सोडतो आणि बाहेरून ताला. येताना काढतो. गिऱ्हाइकांचे कपडे ताई घरीच घेईल. दारूची कलाली तर सोडाच, कुत्रंसुद्धा तुमच्यापर्यंत पोचणार नाही."

इंदिरा बापाकडे बघत होती. मालोजीरावांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"लाव," ते म्हणाले. "लावच तू. म्हणजे कोणाला बोलायला जागा नको."

त्यांना वाटलं, कुलूपच साक्ष देईल.

पहिल्या संध्याकाळी शामनं दार उघडलं, तर ते नेहमीपेक्षा जास्त झुलत बाहेर आले. दिवसभरात एकदाही दार उघडलं नव्हतं. शामनं त्यांना ओट्यावर बसवलं आणि दुकान पालथं घातलं. "कुठं लपवली, दाजी? सांगून टाका." कपाट, गाठोडी, माठ, सगळं बघून झालं. शेवटी गोडेतेलाच्या डब्याचं झाकण काढून त्यानं नाक आत घातलं. "ही नाही," म्हणाला, आणि डबा बाजूला ठेवून पुन्हा शोधू लागला.

रविवारी मालोजीराव घरी असत. त्या दिवशी पाय सरळ पडत, बोलणं स्वच्छ येई, जेवणही थोडं जाई. भानुमती शेजारच्या जनाबाईला सांगे, "डोळ्यांसमोर असले की बघा कसे देवमाणूस! सोमवार उजाडला की पुन्हा तेच."

एका दुपारी इंदिरा मामाकडून किल्ली मागून जेवणाचा डबा घेऊन गेली. दार पुन्हा लावून घेऊन ती वडिलांशेजारी बसली, शालूचा पदर ताणून धरला. थोड्या वेळानं तिचं डोकं गरगरू लागलं. ती बाहेर धावली आणि गटारीवर ओकली. घरी आल्यावर म्हणाली, "आई, त्या खोलीतच काहीतरी आहे गं. आबांना होतं तसंच मलाही झालं."

शाम मोठ्यानं हसला. "क्या बात है! बापाच्या वासानं पोरीलाही चढली!"

भानुमती हसली नाही. तिनं इंदिराचं मनगट धरलं. "हे बाहेर कुठं बोलू नकोस. मोहित्यांच्या कानावर गेलं तर उद्या तुझ्यावरही तोच शिक्का. कळलं?"

इंदिराला कळलं. ती पुन्हा बोलली नाही.

दिवाळी जवळ आली तसे कपडे वाढले. मालोजीरावांचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले. वैद्यानं पापणी खाली ओढून बघितली आणि त्यांना काही न विचारता भानुमतीला म्हणाला, "कावीळ आहे. पिणाऱ्यांना होतेच."

त्या रविवारी अंगणात बसल्या बसल्या त्यांनी इंदिराला जवळ बोलावलं. आवाज खूप खाली आणून विचारलं, "इंदू, मी पितो का गं? म्हणजे पीत असेन आणि मला आठवत नसेल, असं तर नाही ना?"

"नाही, आबा."

"तू सांगतेस तर बरं," ते म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावरून विश्वास बसल्यासारखं वाटलं नाही.

अप्पासाहेबांनी शालू पाठवला तो धनत्रयोदशीच्या अलीकडे. त्यांच्या आईचा शालू, घरातली प्रत्येक सून बोहल्यावर तोच नेसे. पदरावर जुना तेलकट डाग होता. निरोप होता, "धुवून ठेवा. लागलाच तर." मालोजीरावांनी 'लागलाच तर' हे शब्द ऐकलेच नाहीत. अप्पासाहेबांनी शालू पाठवला, एवढंच त्यांनी धरलं. त्या दिवशी त्यांनी परात काठोकाठ भरून घेतली.

संध्याकाळी शामनं कुलूप काढलं तेव्हा शालू दोरीवर नीट वाळत होता. परात कलंडली होती आणि फरशी कोरडी होती. होतं ते सगळं उडून गेलं होतं. मालोजीराव फरशीला गाल टेकून पडले होते, मांडी अजून अर्धी मोडलेली.

इस्पितळात तरुण डॉक्टरनं नाडी पाहून हात खाली ठेवला. पिवळे डोळे पाहिले. "पीते थे?"

भानुमतीनं भावाकडे बघितलं. भाऊ जमिनीकडे बघत होता.

"हो जी," ती म्हणाली.

"नाही!" इंदिरा म्हणाली. पण डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळला होता.

तेराव्याला अप्पासाहेब आले. बोलायचं ते रीतसर बोलले. लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि त्यांच्याकडे बघून दुसऱ्या कोणीही काढला नाही. निघताना शालू मागून घेतला, उजेडात धरून पदर उलटासुलटा केला. "काम मात्र चोख होतं माणसाचं," म्हणाले. फाल्गुनात बाळकृष्णाचं लग्न देपालपुरच्या मुलीशी झालं. बोहल्यावर ती तोच शालू नेसली होती. इंदिराला पुढे विचारायला कोणी आलं नाही. दारुड्याची मुलगी, असं वस्तीत म्हणत.

त्या शेवटच्या सकाळी शाम घाईत होता. मिलचा भोंगा होऊन गेला होता. त्यानं कडी घातली, किल्ली फिरवली आणि सायकलकडे वळला, तेवढ्यात आतून मालोजीरावांनी हाक मारली.

"शाम, जरा ओढून बघ रे. नीट लागलंय ना?"