मागून कुजबुजलेला शब्द

कान-नाक-घशाच्या खात्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. दुखणेकरी ते बरोबर घेऊनच येतात. परळच्या एका इस्पितळात मी या खात्यात मदतनीस होतो. कानाची परीक्षा अगदी साधी. रोग्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं, डॉक्टर सबनीसांनी मागून एक शब्द कुजबुजायचा, रोग्याने तोच परत म्हणायचा. बस्स!

*

चळवळीचे दिवस. एका गिरणी कामगाराच्या मागे उभं राहून डॉक्टर कुजबुजले, "संयुक्त..."

तो ताडकन उठला, "महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

बाहेरच्या बाकावरून तीच घोषणा दुप्पट जोरात आली. ओरडणाऱ्यांत सकाळीच ठार बहिरे ठरलेले दोघे होते!

डॉक्टर मला म्हणाले, "पुढच्याला आपण 'पेरू' विचारू."

*

गिरणीच्या साचेखात्यातले विणकर यंत्रांच्या खडखडाटात एकमेकांचे ओठ बघून बोलतात. त्यांच्यातले मालवणकडचे तातू परब समोरासमोर सगळी उत्तरं बिनचूक देत होते. डॉक्टरांनी तोंडापुढे कागद धरला, आणि उत्तरं बंद! वर तेच रागावले, "तोंड झाकल्यार आयकूक कसा येतला, डाक्टरानु?"

*

चिंचपोकळीच्या एकाचा मोर्चांत ओरडून घसा बसला. डॉक्टरांनी बजावलं, "आठ दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही." त्याने मोर्चा सोडला नाही, पण पथ्य पाळलं. पोलिसांनी पकडून नाव विचारलं, तरी गप्प! बायको सोडवायला गेली तेव्हा अंमलदार म्हणाला, "बाई, फार कट्टर माणूस आहे हो तुमचा!"

*

जानकीबाई कोळीण दादरच्या बाजारात मासे विकत. तिथल्या कल्लोळात गिऱ्हाइकाचं बोलणं त्यांना स्वच्छ ऐकू येई. घरच्या शांततेत मात्र काही नाही. नवरा म्हणे, सोंग करते!

डॉक्टरांनी त्याला समजावलं, "सोंग नाही. कानातलं एक इवलंसं हाड आखडलंय. हळू बोललेलं आत पोचत नाही. बाजारात लोक ओरडून बोलतात, ते पोचतं."

"मंग काय घरान बाजार भरवू?" नवरा म्हणाला.

जानकीबाई हसल्या नाहीत. तान्हा नातू आतल्या खोलीत पाळण्यात रडला तरी त्यांना कळत नसे, म्हणून लेक त्याला त्यांच्यापाशी ठेवायला धजत नव्हती. "डाक्टर, मना नातवाचं रडनं आयकाचं हाय," एवढंच त्या बोलल्या.

ते हाड मोकळं करायची शस्त्रक्रिया तेव्हा नवी होती. डॉक्टरांची तर पहिलीच!

पट्टी सोडली त्या दिवशी नवरा आणि लेक दाराशी श्वास रोखून उभे. जानकीबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. नेहमीच्या शब्दाऐवजी डॉक्टर कुजबुजले, "सुरमई आठ आण्याला देतेस?"

हूं नाही की चूं नाही.

"आठ आणे!" पुन्हा कुजबुज.

जानकीबाई ढिम्म. लेकीने डोळ्यांना पदर लावला. नवऱ्याने मान खाली घातली. डॉक्टरांचा चेहरा पार उतरला. शेवटचा प्रयत्न म्हणून, माझ्यासारख्या शेजारी उभ्या असलेल्यालाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू ते म्हणाले, "बरं बाई, बारा आणे."

"आता कसा मानसासारका बोललास!" भिंतीकडूनच जानकीबाई म्हणाल्या.