पोस्टाने डॉक्टरेट

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नागपुरात एका सल्ला केंद्रात नवरा-बायकोंची भांडणं ऐकून घेणं ही माझी नोकरी होती. "समोरासमोर बोला हो," हे मी दिवसातून दहा वेळा सांगायची, आणि बऱ्याच ठसक्यात सांगायची.

पुढे शिकायचं फार मनात होतं. मुंबईत राहून, वर्गात बसून, शिक्षकांशी वाद घालून शिकायचं. तिथे जागाही मिळाली होती. तरी मी 'जमणार नाही' असं कळवून टाकलं आणि परदेशातल्या एका विद्यापीठाची डॉक्टरेट निवडली. विषय विवाह आणि कुटुंब समुपदेशन, सगळा अभ्यास पोस्टाने. घर सोडायला नको, असं मीच सगळ्यांना सांगत सुटले. घरात कोणी विरोध केला नव्हता. कोणी विचारलंही नव्हतं म्हणा.

प्रवेशाची एक अट होती. स्वतःच्या जोडीदाराशी वीस मिनिटं बोलायचं, ते कॅसेटवर भरायचं आणि इंग्रजी भाषांतरासह पाठवायचं. हात्तिच्या, एवढंच ना, असं मला वाटलं.

यजमान खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. त्यांच्या सुटीच्या दिवशी, दुपारच्या चहानंतर, शेजारून आणलेला टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून मी बटण दाबलं. सासूबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या.

"यायले विचारा, कामठीले कधी जायचं," मी सासूबाईंना म्हटलं.

"काहून गा, कामठीले कधी जायचं म्हणते ते?" सासूबाईंनी मुलाला विचारलं.

"सांग तिले, पुढच्या रविवारी."

वीस मिनिटं हेच. कॅसेट लावून ऐकली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठ्यांसमोर नवरा-बायकोने थेट बोलायचं नाही ही घरची रीत, आणि दोन खोल्यांच्या घरात सासूबाई कायम समोर. चौदा वर्षं आम्ही असाच संसार केला होता. लोकांना शहाणपण शिकवणारी मी! आता याचं भाषांतर तरी काय करणार?

सासूबाईंनीही ते ऐकलं होतं. त्या ताट घेऊन उठल्या. "मी समोर असली की तुमच्या तोंडून शब्द नाही निघत. बसतो मी शेजारी जाऊन."

मी पुन्हा बटण दाबलं. टेपरेकॉर्डरकडे बघतच यजमान म्हणाले, "मुंबईले जायचं होतं का तुले?"

"हो."

"लय?"

"लय." मला रडूच फुटलं.

"मग काहून नाही गेली वं?"

"तुम्ही जा म्हणाल म्हणून वाट पाहून राहिली होती."

ते म्हणाले, "मी म्हणणारच होतो. आईसमोर कसं बोलू, म्हणून थांबून राहिलो. तेवढ्यात तू पत्र टाकून दिलं."

तीच कॅसेट मी पाठवली. प्रवेश मिळाला, काही वर्षांनी डॉक्टरेटही आली, रजिस्टर पोस्टाने. पोस्टमनला मी पेढा दिला. पण मुंबईच्या त्या वर्गात खिडकी कुठल्या बाजूला होती, हे मला अजून माहीत नाही.