पळण्यावरनं ओळखलेली दहा माणसं

मला लाल आणि हिरवा यातला फरक दिसत नाही. आता वय झालं, आता हे सांगायला लाज वाटत नाही. सांगितलं की लगेच प्रश्न येतो, "मग तुम्हाला दिसतं तरी काय?" अहो, दिसतं सगळं! पान दिसतं, वीट दिसते, वहिनीच्या कपाळावरचं कुंकू दिसतं. तुम्हाला त्या दोन रंगांत जे भांडण दिसतं, तेवढंच मला दिसत नाही. माझ्या डोळ्यांना दोन्ही मातकटच. पानाला हिरवं म्हणायचं आणि कुंकवाला लाल, हे लहानपणी पाठ झालं होतं, त्यामुळं कुणाला शंका आली नाही आणि मलाही नाही. एकविसाव्या वर्षी कळलं. पण कळायच्या आधी माझा सख्खा भाऊ मला फितूर समजून बसला होता.

संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही शिवाजी पेठेतले. आईवडील लवकर गेलेले. घरात दादा, वहिनी आणि मी. दादा फाउंड्रीत कामाला, मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला. काळी शाई, पांढरा कागद, तिथं रंगाचा संबंधच नाही. संध्याकाळी दोघंही मैदानावर. तालमीच्या फुटबॉल संघात दादा गोलकीपर आणि मी मधल्या फळीत. मी वाईट खेळत नव्हतो. चांगला खेळत होतो, उगाच कशाला खोटं बोलू!

तोवर आमचा संघ पांढऱ्या सदऱ्यांत खेळायचा. त्या वर्षी कॅप्टनच्या डोक्यात आलं की पांढरं फार मळतं आणि मळक्या कपड्यांत पेठेची शोभा जाते. सगळे सदरे रंगाऱ्याकडं गेले आणि हिरवेगार होऊन आले. म्हणजे हिरवेगार असं लोक म्हणाले. मला ते नुसते काळवंडलेले वाटले. म्हटलं, असेल नवीन फॅशन.

पहिलाच सामना पलीकडच्या पेठेशी. ते लाल जर्सी घालून उतरले. मी मान वर करून बघितलं. बावीस माणसं, आणि दोन गोलकीपर सोडले तर सगळ्यांच्या अंगात एकच कापड! आपला कोण, परका कोण? मला वाटलं, हे सगळ्यांनाच असं दिसत असणार, आणि बाकीचे सरावानं ओळखत असणार. कुणाला विचारायचं? विचारलं तर हसतील. गप्प राहिलो, तीच माझी चूक.

पहिला पास त्यांच्या माणसाला गेला तेव्हा लोक हसले. दुसरा गेला तेव्हा शिव्या आल्या. तिसरा मी इतका अचूक दिला, की त्यांच्या फॉरवर्डला पाऊलसुद्धा हलवावं लागलं नाही. त्यानं तो दादाच्या डाव्या हातावरनं आत मारला. त्याच गोलनं आम्ही हरलो.

"विकला गेला त्यो!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळंच मैदान ओरडायला लागलं. आमच्याकडं हरलेल्या माणसाला दोन दिवस शिव्या खाव्या लागतात आणि तिसऱ्या दिवशी लोक चहा पाजतात. फितुराला चहा नाही. घरी आल्यावर दादानं दार लावून घेतलं आणि विचारलं, "काय खाल्लंस त्यांच्याकडनं?"

"दादा, मला त्यो आपला वाटला."

"लाल जर्सीवाला आपला वाटला? आंधळा हायस व्हय?"

खरं म्हणजे त्यानं उत्तरच सांगितलं होतं. पण ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही.

कळलं वहिनीला. चटणीसाठी मिरच्या आणल्या होत्या, आणि वाळत घालायच्या आधी अर्ध्याकच्च्या हिरव्या वेगळ्या काढायला मला बसवलं होतं. मी हातानं चाचपून, जाड सालीच्या त्या कच्च्या समजून बाजूला टाकत होतो. वहिनी येऊन उभी राहिली. "भावजी, ह्या ढिगात निम्म्या हिरव्या तशाच हायत की!"

"कुठं हायत?"

ती हसली नाही. तिनं दोन मिरच्या उचलल्या, माझ्या समोर धरल्या आणि विचारलं, "ह्यातली पिकलेली कुठली?" मी हात पुढं केला. "हात लावायचा न्हाय. नुसतं बघून सांगा." मी बघितलं. बघतच राहिलो. मग ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, "अगं बाई, तुम्हाला दिसतच न्हाय!"

दुसऱ्या दिवशी ती मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. त्यांनी ठिपक्याठिपक्यांची चित्रं असलेलं पुस्तक पुढं केलं आणि आकडे वाचायला सांगितलं. मला नुसते ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, जन्मतःच आहे, औषध नाही, आयुष्यभर असंच राहणार. मी इतका खूश झालो, की डॉक्टर माझ्याकडं बघायलाच लागले. अहो, निर्दोष सुटलो होतो मी!

कसला सुटतोय. दादा म्हणाला, "सोंग. पुस्तकातला आकडा दिसत असला तरी न्हाय दिसत म्हणायला काय लागतंय?" दिसतं हे दाखवून देता येतं. दिसत नाही हे कसं दाखवायचं? मी रडलो, चिडलो, ताट भिरकावलं. मग ठरवलं, की आता तोंडानं एक शब्द बोलायचा नाही. खेळून दाखवायचं, आणि याच जर्सीत.

रोज छापखाना सुटला की मी मैदानाच्या कडेला जाऊन बसायचो. सरावात कुणी घेत नव्हतं, तर बघायला कोण अडवणार? रंग सोडून दिला. चेहरेही सोडले, कारण पळताना चेहरा दिसायला वेळ नसतो. नुसतं पळणं बघायला लागलो. आणि काय सांगू, माणूस उभा असला की दुसऱ्यासारखा दिसतो, पळायला लागला की फक्त स्वतःसारखा! कॅप्टन वळायच्या आधी दोन बारकी पावलं टाकायचा. उजवीकडचा विंगर डावं कोपर बाहेर काढून पळायचा, गर्दीतनं वाट काढल्यासारखा. आमचा एक बॅक जोर-बैठका मारून मारून असा झाला होता, की पळताना त्याचे खांदे हलतच नव्हते. आठवड्याभरात ही तिघं पक्की झाली. मग मी डोळे बारीक करून, सगळं धूसर करून बघायला लागलो, तरी ओळखू यायला लागली. दीड महिन्यात दहाच्या दहा झाली.

पण मला तेवढ्यानं चैन पडेना. आपले दहा ओळखले, परके दहा नकोत का ओळखायला? म्हणून मी पलीकडच्या पेठेच्या सरावाला जाऊन बसायला लागलो. आता याला अक्कल म्हणायचं की मूर्खपणा, तुम्हीच ठरवा. चौथ्या दिवशी आमच्या पेठेतल्या एकानं मला तिथं बघितलं. फितूर संध्याकाळी शत्रूच्या मैदानावर बसतो, याहून मोठा पुरावा कुणाला पाहिजे? मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. दादा शिव्या देईल, मारेल असं वाटलं होतं. त्यानं काहीच केलं नाही. फक्त बोलायचा थांबला. एका घरात राहून मला काही सांगायचं असलं तर वहिनीला सांगायचा, मी समोर असताना. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

मोसमाचा शेवटचा सामना पुन्हा त्याच संघाशी आला. सामन्याच्या दोन दिवस आधी आमच्या मधल्या फळीतल्या एकाचा गुडघा सुजला आणि माणूस कमी पडला. वहिनी स्वतः कॅप्टनच्या घरी गेली, काय बोलली ते मला आजवर सांगितलं नाही. कॅप्टन मला म्हणाला, "खेळ. पण पहिला चेंडू त्यांच्या पायात गेला तर मी तुला बाहेर काढीन, आणि दहा जणांनिशी खेळीन."

त्या सामन्यातही आम्ही हरलो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी शिट्टी वाजवायला बोटं तोंडात घालून बसायला नको. पण पहिला चेंडू आपल्या माणसाला गेला. दुसरा गेला. मी जर्सीकडं बघतच नव्हतो. कोपरं, खांदे, पावलं बघत होतो. मध्यंतरापर्यंत माझा एकही पास चुकला नाही. लोक मात्र मी चेंडूला पाय लावला की ओरडायचे. आणि दादानं, गोलमधनं, सबंध सामन्यात एकही चेंडू माझ्याकडं टाकला नाही. मी मोकळा असलो तरी लांब लाथ मारून द्यायचा.

संपायला थोडा वेळ राहिला होता. ऊन तिरकं झालं होतं, धूळ उडत होती. त्यांचा एक फटका दादानं अंगावर घेतला आणि चेंडू पोटाशी धरून उभा राहिला. त्याच्या डावीकडं त्यांचे दोघं. उजवीकडचा आमचा बॅक खाली पडलेला. लाथ मारायला पुढं जागा नाही. मध्ये मी एकटा, मोकळा.

मी हात वर केला. दोन महिन्यांत मारली नव्हती ती हाक मारली, "दादा!"

"त्याला नको! त्याला देऊ नको!" कडेला बसलेली आमची सगळी पेठ उठून ओरडायला लागली. दादानं त्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"धाकल्या, घे!" तो ओरडला आणि चेंडू फेकला.

चेंडू छातीवर आला आणि माझे डोळे असे भरून आले की पुढचं काही म्हणजे काही दिसेना. एक काळपट आकृती दोन बारकी पावलं टाकून डावीकडनं सुटली एवढंच कळलं, आणि मी चेंडू दिला. आपल्याच माणसाला गेला.